न आलेला ताप

पाऊस धो धो कोसळतो तेव्हा मला भीती वाटत नाही.
तेवढ्या पाण्यात अळ्या वाहून जातात,
हे लोकेंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं.
भीती उघडिपीची.
चार दिवस ऊन, अंगाला चिकटणारी हवा,
कुलाब्याचा पारा अठ्ठावीसवर ठाण मांडून,
आणि दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच.
तेव्हा मी खुर्ची पुढे ओढते.

शिवडीच्या ऑफिसात माझं टेबल पंख्याखाली नाही.
सांताक्रूझचा पाऊस मिलिमीटरमध्ये,
दमटपणा टक्क्यांत,
दवाखान्यांतून आलेल्या काचपट्ट्यांची बेरीज,
सगळं रकान्यांत भरते.
मग तो प्रोग्राम, पुण्याच्या एका मुलीने करून दिलेला,
थोडा वेळ गरगरतो
आणि नकाशावर एखादी गल्ली तांबडी करतो.
आजची नव्हे.
आजपासून तिसऱ्या आठवड्यातली.

तीनच का, मी विचारलं होतं.
भिकाजी लोके, कीटक संग्राहक, मूळचे वेंगुर्ल्याचे,
बोटं मोडत गेले:
अळीचा एक आठवडा धरा.
मग मादी कुणा तापकऱ्याला चावणार,
तिच्या पोटात ते पिकणार आठ-दहा दिवस,
उकाडा असेल तर लवकर, अढीतल्या आंब्यासारखं.
मग ती दुसऱ्याला चावणार,
त्याच्या अंगात पुन्हा काही दिवस गप्प.
"उधारीच की ही, बाई.
आभाळ आज घेतं, माणूस पुढे फेडतो."

श्रावणात बारादेवीमागची गल्ली तांबडी झाली.
दवाखान्यात तेव्हा एकही ताप नव्हता.
ओपीडी रिकामी आहे मॅडम, साहेब म्हणाले,
माणसं कशाच्या जोरावर देऊ?
लोके गेले. दोन पोरं, एक टॉर्च,
लांब दांड्याची पळी.
टॉवरच्या नव्या स्लॅबला पाजायला
बांध घालून साठवलेलं पाणी.
पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवलेले टायर,
प्रत्येकात वाटीभर आभाळ.
इशरतबींच्या ड्रमात डोकं खाली करून लटकलेल्या,
म्हणजे डेंग्यूच्या.
मलेरियाची अळी पाण्याला समांतर झोपते,
ती सापडली वर, अकराव्या माळ्यावरच्या टाकीत.
सगळं उपसलं. इशरतबींच्या शिव्या खाल्ल्या.

तिसरा आठवडा आला आणि गेला.
काहीही झालं नाही.

आढावा बैठकीत साहेबांनी कागद उलटा केला:
तांबडं दाखवलंत, रुग्ण शून्य.
तुमचं मशीन चुकतंय.
मी लोकेंकडे पाहिलं.
ते नखातला चुना काढत होते.

त्या शून्याचं मी काय करायचं?
भरलं तसंच, तर प्रोग्राम शिकेल
की असल्या हवेत काही होत नसतं,
आणि पुढच्या श्रावणात ती गल्ली हिरवी दाखवील.
रात्री साडेआठला, शिपाई दिवे घालवत असताना,
मी एक रकाना वाढवला.
वर लिहिलं: लोके गेले होते.
खाली, हो किंवा नाही.

हे सगळं सांगताना
कोळसा बंदराचं सांगायचं राहूनच जातं.
तिथला डॉक्टर कधी आकडा पाठवत नाही,
म्हणून नकाशावर ती वस्ती करडी.
नागूबाई पागधरेंचा नातू, अकरा वर्षांचा,
प्लेटलेट अठरा हजार.
वाचला.
पण नागूबाई माझ्या टेबलापाशी आल्या,
टोपली खाली ठेवली,
स्क्रीनकडे वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.
"यात आमचं बंदर खंय?"
मी बोट ठेवलं.
"मग रंग का नाय?"

आता मंगळवारी मी स्वतः जाते त्या डॉक्टरकडे,
वही घेऊन. तो चहा विचारतो, आकडे देत नाही.
पुण्याच्या मुलीचा मेल आलाय:
लोके डिसेंबरात निवृत्त होतायत ना,
रकान्याचं नाव बदलू या का?
उत्तर दिलेलं नाही.
काल दुपारपासून उघडीप आहे.